कुपीत तेल आहे की पाणी?

विमानतळावर बॅग एक्स-रेच्या पट्ट्यावर सरकली की सोबत इंजेक्शन आणि सुया घेऊन निघालेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. आता अडवतील, बॅग उघडायला लावतील, चार लोकांत नको ते विचारतील. इन्सुलिन घेणारे मधुमेही, शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरेसे तयार होत नाही म्हणून ते बाहेरून घेणारे पुरुष, हार्मोनचे उपचार चालू असलेल्या ट्रान्स व्यक्ती, टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातल्या स्त्रिया, वाढ खुंटलेल्या मुलांना रोज रात्री टोचणारे आईबाप, या सगळ्यांचे आजार निराळे, पण ही धास्ती एकच. ती चुकीच्या ठिकाणी खर्च होते, असे माझे म्हणणे आहे. सुरक्षा तपासणी हा या प्रवासातला सगळ्यात सौम्य अडथळा. खरे धोके दोन: हवामान आणि कायदा. आणि त्यांतला कोणता तुमच्या वाट्याला येणार, हे बरेचसे कुपीतले औषध पाण्यात आहे की तेलात, यावर ठरते.

आधी तपासणीचे उरकून घेऊ. द्रवपदार्थांवरची १०० मिलिलिटरची मर्यादा आली ती ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला उघडकीस आलेल्या कटानंतर. बाटल्यांतून द्रव स्फोटके विमानात नेण्याचा तो बेत होता. इन्सुलिनची नेहमीची कुपी १० मिलिलिटरची आणि टेस्टोस्टेरॉनचे ॲम्प्यूल १ मिलिलिटरचे. म्हणजे महिन्याभराचे औषध त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही, आणि गेले तरी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाला सवलत असते. सुयांचेही तसेच. औषध सोबत असेल आणि त्याची चिठ्ठी असेल तर न वापरलेल्या सिरिंज केबिनमध्ये नेता येतात. आपल्याकडच्या विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांना इन्सुलिनचे पेन ही काही नवलाई नाही, दिवसभरात कितीतरी दिसत असतील. थंडाव्यासाठी घेतलेले जेल पॅक तेवढे वितळले की द्रवात जमा होतात, म्हणून ते औषधासोबतचे आहेत हे विचारण्याआधीच सांगावे. बॅगेच्या एक्स-रेने औषध बिघडत नाही. अंगावर इन्सुलिन पंप किंवा साखर मोजणारा सेन्सर असेल तर मात्र त्याच्या कंपनीची सूचना आधी वाचावी, कारण काही यंत्रे स्कॅनरमधून नेऊ नयेत असे सांगितलेले असते.

आता कुपीकडे वळू. हार्मोन, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातले संप्रेरक, हा शब्द कामावरून पडलेला आहे, रसायनावरून नव्हे. रक्तातून निरोप पोचवणारा पदार्थ तो हार्मोन, मग त्याची घडण काहीही असो. इन्सुलिन हे प्रथिन आहे. दोन साखळ्यांत मिळून ५१ अमिनो आम्ले, एकूण ७८८ अणू, आणि हा सगळा पसारा एका ठरावीक घडीत बसलेला. पैठणीची घडी मोडली तरी पैठणी पैठणीच राहते. प्रथिनाची घडी मोडली की ते औषध उरत नाही. वाढीचे हार्मोन १९१ अमिनो आम्लांचे, तेही याच कुळातले. वंध्यत्वाच्या उपचारात बीजकोश वाढवणारी इंजेक्शने आणि सध्या वजन कमी करण्यासाठी गाजणारी पेनेही याच गोतावळ्यात येतात. टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्राडायोल ही दुसरी जात. ती कोलेस्टेरॉलपासून बनणारी स्टेरॉइड. टेस्टोस्टेरॉनच्या रेणूत अवघे ४९ अणू, तेही चार कड्यांत घट्ट बसलेले. तिथे मोडायला घडीच नाही. हा रेणू पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याला मेदाम्लासारखी एक शेपटी जोडतात आणि तो तेलात मिसळतात. कुठे तिळाचे तेल, कुठे सरकीचे, कुठे एरंडेल, तर सस्टेनॉन नावाच्या इंजेक्शनात चक्क शेंगदाण्याचे. (शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याने हे प्रवासाच्याच काय, उपचाराच्याही आधी डॉक्टरांना सांगायला हवे.) स्नायूत टोचलेला तेलाचा तो थेंब मग दिवसेंदिवस, काही प्रकारांत आठवडेच्या आठवडे, झिरपत राहतो.

पाण्यातल्या हार्मोनचा वैरी हवामान. पण इथेही आपल्याकडे भीतीचा तराजू उलटाच झुकलेला दिसतो. माणसे उन्हाला जितकी भितात तितकी बर्फाला भीत नाहीत. मेडिकलवाला इन्सुलिन बर्फाच्या तुकड्यांसोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून देतो, गिऱ्हाईक ते तसेच थर्मासमध्ये कोंबते, आणि रात्रभराच्या प्रवासात बर्फाला टेकलेली कुपी गोठून जाते. गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी निकामी समजायचे, त्याला दुसरा इलाज नाही. आपल्याकडे खूप वापरले जाणारे ३०/७० मिश्रण पाहा. चांगली कुपी तळहातांत हलक्या हाताने घोळवली की आतला पांढरा गाळ एकसारखा मिसळतो आणि पातळ दुधासारखा दिसतो. गोठून वितळलेली कुपी उजेडासमोर धरली तर आत कण तरंगताना दिसतात, काचेला आतून दव गोठल्यासारखा थर चिकटलेला असतो आणि कितीही घोळवले तरी गुठळ्या मोडत नाहीत. पारदर्शक इन्सुलिन मात्र दिसायला नितळ राहूनही दुबळे झालेले असू शकते. म्हणून बर्फ वापरायचाच तर मध्ये टॉवेलचे जाड वेष्टन हवे. लेह किंवा केदारनाथच्या थंडीत तर कुपी सामानात न ठेवता स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत हे औषध का घालू नये, याचे उत्तरही इथेच आहे. तिथे हवेचा दाब राखलेला असतो आणि तापमान सहसा शून्याखाली जात नाही, पण त्याची हमी कुणी देत नाही. शिवाय ती बॅग भलत्याच गावी पोचली तर थंडीगरमीचा प्रश्नच उरत नाही.

उष्णतेबद्दल मात्र अलीकडचा पुरावा धीर देणारा आहे. केनियात सोमाली निर्वासितांसाठी दागाहाले नावाची छावणी आहे. तिथे घरोघरी फ्रीज नाहीत, म्हणून रुग्णांना इन्सुलिनसाठी रोज दवाखान्यात यावे लागे. मेदसाँ साँ फ्रॉन्तिए ही डॉक्टरांची संघटना आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी तिथल्या घरांतले तापमान मोजले. ते दिवसरात्रीत २५ ते ३७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान हेलकावत होते. मग प्रयोगशाळेत तसेच हेलकावे देऊन चार आठवडे इन्सुलिन ठेवून पाहिले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की फ्रीजमधल्या इन्सुलिनच्या तुलनेत त्याची शक्ती कमी झाली नव्हती. पुढे २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने उपलब्ध माहिती तपासली. न उघडलेले मानवी इन्सुलिन २५ अंशांपर्यंत सहा महिने आणि ३७ अंशांपर्यंत दोन महिने लक्षणीय नुकसान न होता टिकू शकते, असा त्यांचा कौल पडला. पंधरा दिवसांच्या सहलीला निघालेल्या माणसाने फ्रीज नसलेल्या लॉजमुळे बेत रद्द करायचे कारण नाही, एवढे यातून निघते.

यावर कुणी विचारील, की मग कंपन्या २ ते ८ अंशांचा जप कशाला करतात? फ्रीजच मोडीत काढा ना! हा निष्कर्ष इतका ताणता येणार नाही. वेष्टनावरची मुदत वर्षांची असते आणि ती फ्रीजमध्ये ठेवण्याच्या अटीवरच दिलेली असते. प्रवासाचा हिशेब आठवड्यांचा असतो. त्या चाचण्या ३७ अंशांवर थांबल्या. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बाहेरच पारा ४५ च्या आसपास जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीच्या डॅशबोर्डवर ६० च्या पुढेही. जेवणासाठी ढाब्यावर थांबताना कुपी गाडीत ठेवणे हा खरा गुन्हा. शिवाय हा पुरावा मुख्यतः मानवी इन्सुलिनचा आहे. दुसऱ्या प्रथिन हार्मोनांना तो जसाच्या तसा लावता येत नाही. वापरायला काढलेले बहुतेक इन्सुलिन २५ ते ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे चालते, पण तुमच्या औषधाची नेमकी मुदत त्याच्या वेष्टनातल्या कागदावर असते आणि तो कागद सोबत असायला हवा. उन्हाळ्यासाठी सगळ्यात शहाणा उपाय आपल्या माजघरातच आहे. माठातले पाणी बाष्पीभवनाने गार होते. याच तत्त्वावर पाण्यात भिजवून वापरायच्या खास पिशव्या मिळतात. त्यांना वीज लागत नाही आणि त्यांत औषध गोठण्याची भीतीही नाही. एक खोच लक्षात ठेवावी. माठ नागपूरच्या कोरड्या हवेत जितका गार पडतो तितका रत्नागिरीच्या दमट हवेत पडत नाही. तेच या पिशवीचे. कोकणात आणि गोव्यात तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये.

तेलातल्या हार्मोनला यातले जवळपास काहीच लागू नाही. त्याला फ्रीज लागत नाही, उलट फ्रीजमध्ये ठेवूच नये. खोलीच्या तापमानाला ते खुशाल राहते. थंडीत तेल दाटते, सिरिंजमध्ये ओढताना दट्ट्या जड जातो, कधी तळाशी स्फटिक दिसू लागतात. एवढ्याने औषध वाया जात नाही. कुपी तळहातांत धरून ऊब दिली आणि फिरवली की स्फटिक विरघळतात, आणि ते पूर्ण विरघळल्यावरच इंजेक्शन घ्यायचे. प्रथिनाला जी थंडी संपवते, ती तेलाला नुसती आळसावते.

मग टेस्टोस्टेरॉनवाल्याने निर्धास्त निघावे का? नाही, कारण त्याचा धोका दुसऱ्या दारातून येतो. टेस्टोस्टेरॉनने स्नायू वाढतात, म्हणून खेळाडू आणि जिमवाल्यांनी त्याचा गैरवापर केला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये धावपटू बेन जॉन्सन उत्तेजकांत सापडला, त्यानंतर अमेरिकेत ओरड झाली, आणि १९९० च्या कायद्याने टेस्टोस्टेरॉनसह ॲनाबॉलिक स्टेरॉइडे तिथे नियंत्रित पदार्थांच्या तिसऱ्या अनुसूचीत गेली. इन्सुलिनवरही खेळाडूंना उत्तेजकविरोधी बंदी आहे, पण कस्टमचा माणूस त्याच्याकडे संशयाने पाहत नाही. इस्ट्राडायोलही अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये नियंत्रित नाही. म्हणजे एकाच तेलात, एकसारख्या दिसणाऱ्या दोन कुप्या, आणि सीमेवर दोघींना वेगवेगळा न्याय. त्यात भर म्हणजे, अफू-मॉर्फिनसारख्या पदार्थांसाठी १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, मनावर परिणाम करणाऱ्या औषधांसाठी १९७१ चा आहे. टेस्टोस्टेरॉन दोन्हींत नाही. त्यामुळे साऱ्या जगाला लागू असा नियम नाही, ज्याचा त्याचा कायदा. ब्रिटनमध्ये स्वतःच्या वापरापुरते घेऊन जाता येते, पण २०१२ पासून ते स्वतः सोबत नेलेले असले पाहिजे. टपालाने मागवता येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधांसाठी तिथल्या सरकारची ऑनलाइन पूर्वपरवानगी काढावी लागते. जपानमध्ये डॉक्टरी चिठ्ठीवरची औषधे महिन्याभरापेक्षा जास्त न्यायची तर आयातीचा आगाऊ दाखला लागतो. ऑस्ट्रेलिया प्रवाशाला तीन महिन्यांपुरते औषध आणू देतो. म्हणून तिकीट काढल्यावर पहिले काम त्या देशाच्या वकिलातीच्या किंवा आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या औषधाचे नाव शोधणे, आणि वाटेत विमान बदलताना बाहेर पडणार असाल तर त्या देशाचेही. ‘मागाहून पार्सल करतो’ आणि ‘आमच्या मुलाच्या दोन कुप्या तेवढ्या घेऊन जा’ या आपल्या दोन्ही घरगुती सवयी इथे महागात पडू शकतात, कारण सवलत असते ती स्वतःच्या वापरासाठी स्वतः नेलेल्या औषधाला. शेजारधर्म लोणच्याच्या बरणीपुरता ठेवावा.

कागदपत्रे थोडीच, पण नेमकी लागतात. मूळ वेष्टनातले औषध, इंग्रजीतली चिठ्ठी आणि डॉक्टरांचे पत्र. पत्रात ब्रँडसोबत औषधाचे मूळ नाव हवे, कारण आपल्या ब्रँडचे नाव तिकडच्या अधिकाऱ्याने ऐकलेलेही नसते. मात्रा, किती दिवसांनी घ्यायचे, सुया कशासाठी, हेही हवे. चिठ्ठी सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावी असा आपल्याकडे डॉक्टरांसाठी २०१६ पासून नियम आहे. तेव्हा नीट लिहून मागायला संकोचू नये. इथे एक आक्षेप रास्त आहे. सगळे कागदावर आणायचे म्हणजे स्वतःची खासगी गोष्ट अनोळखी माणसाच्या हाती देणे. मूल होत नाही, पौरुषाचे हार्मोन कमी आहे, आपण ट्रान्स आहोत, हे रांगेत उभे राहून का सांगावे? सांगू नयेच. पत्रात औषध, मात्रा आणि ते वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे एवढे पुरते. आजाराची कहाणी त्यात असायची गरज सहसा नसते. बाजूला घेऊन तपासा, अशी विनंतीही करता येते. पण चिठ्ठीवरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव एकच हवे. नाव बदललेल्या ट्रान्स व्यक्तींची कोंडी पुष्कळदा औषधापेक्षा इथेच होते, आणि पासपोर्टवर जुनेच नाव असेल तर पत्रही त्याच नावाने घ्यावे लागते. हे अन्यायाचे वाटते आणि आहेही. पण तो वाद परक्या देशाच्या कस्टमच्या टेबलावर सुटणारा नाही.

‘एवढी यातायात कशाला, तिथेच विकत घेऊ’ हा आक्षेप बिनतोड वाटतो, आणि तोच सगळ्यात धोक्याचा आहे. आपल्याकडे एका मिलिलिटरला ४० युनिट असलेली इन्सुलिनची कुपी अजूनही घराघरात आहे. अमेरिकेत-युरोपात मिळते ती १०० युनिटची. सिरिंजवरच्या खुणाही त्या त्या ताकदीप्रमाणे आखलेल्या. आता मुलाकडे न्यू जर्सीला गेलेल्या आजोबांनी इथून नेलेली ४० ची सिरिंज घेतली आणि तिथल्या १०० च्या कुपीतून सवयीने २० च्या खुणेपर्यंत औषध ओढले. ४० च्या सिरिंजवर २० ची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर, आणि तिथल्या कुपीतल्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये ५० युनिट. अडीच पट मात्रा! साखर झपाट्याने उतरून माणूस बेशुद्ध पडायला एवढे पुरेसे आहे. खूण ओळखायला सोपी आहे: ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. टेस्टोस्टेरॉनचेही तसेच. इथे २५० मिलिग्रॅमचे एक ॲम्प्यूल घेण्याची सवय असते, अमेरिकेत दुसरीच शेपटी जोडलेले औषध १०० किंवा २०० मिलिग्रॅम प्रतिमिलिलिटर या ताकदीत मिळते. शिवाय तिथल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून ते मिळायचे नाही.

न नेणे हा पर्याय तेलवाल्यांना मात्र खरोखर उपलब्ध आहे, आणि तो फारसा कुणी विचारात घेत नाही. दोन-तीन आठवड्यांनी घ्यायचे इंजेक्शन निघण्याच्या आदल्या दिवशी घेता येते, पुढचे परतल्यावर. टेस्टोस्टेरॉनचा एक प्रकार तर दहा ते चौदा आठवड्यांतून एकदाच टोचतात. त्यासाठी कुपी घेऊन समुद्र ओलांडण्याचे कारणच नाही. तारीख एक-दोन दिवस पुढेमागे होईल, ते कसे बसवायचे हे डॉक्टरांना महिनाभर आधी विचारावे. घड्याळ बदलण्याची कटकटही तेलवाल्यांना नाही. रोजचे इन्सुलिन घेणाऱ्याला आहे: पूर्वेकडे जाताना दिवस आखडतो, पश्चिमेकडे लांबतो, आणि दोन मात्रांमधले अंतर त्याप्रमाणे बदलते. हा हिशेब स्वतःच्या मनाने करू नये. तो डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावा, आणि औषध लागते त्याच्या दुप्पट, दोन वेगळ्या हातसामानांत विभागून न्यावे. दुप्पट धरूनही त्या देशाच्या मर्यादेत बसते ना, तेवढे आधी पाहावे.

शेवटचा मुद्दा औषध टोचून झाल्यानंतरचा आहे. हॉटेलच्या खोलीतली कचऱ्याची टोपली सकाळी सफाईवाल्या बाई हाताने दाबून पिशवीत रिकामी करतात. त्यात टाकलेली सुई त्यांच्या हातात घुसते, आणि ती कुणाची होती हे त्यांना कधीच कळत नाही. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या डब्यात टाका, डब्यावर काय आहे ते लिहा, आणि दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात तो घेतात का हे विचारून तिथे द्या. घेत नसतील तर डबा घरी परत आणा.